मृगातली जांभळं, दिवाळीतलं सरबत

मृगाचा पाऊस झाला की आमच्या परभणीकडे जांभळीखाली सडा पडतो. पंधरा-वीस दिवसांत सगळा बहर आटोपतो. जुनं झाड असेल तर घरच्यांनी खाऊन, गल्लीत वाटूनही टोपली उरतेच, आणि जांभूळ काही वाट बघत नाही. आज टपोरं दिसणारं फळ उद्या पाणी सोडतं. ही उरलेली जांभळं उकिरड्यावर जाताना पाहून माझा जीव तुटायचा, म्हणून मी ती गोठवायला लागले.

पहिल्या वर्षी मात्र घाईत चूक झाली. धुतलेली ओली जांभळं तशीच एका पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवली. महिन्याने काढली तर तीन किलोंची एकच वीट. वाटीभर हवी असताना सगळी वितळवावी लागली. तेव्हापासून दोन गोष्टी कधी चुकवत नाही: फळ कोरडं करणं आणि आधी सुटं गोठवणं.

सुरुवात झाडापासून. जांभळाची फांदी ठिसूळ असते, दरवर्षी कुणी ना कुणी पडतं. पोरांना वर चढवू नका. सकाळी खाली जुनं लुगडं किंवा चादर धरा आणि लांब काठीच्या आकड्याने फांदी हलवा. पिकलेलं फळ अलगद सुटतं. लालसर राहिलेलं घेऊ नका, तोडल्यावर ते गोड होत नाही. मातीत पडलेलं, फुटलेलं बाजूला काढा.

निवडलेली जांभळं परातीत पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, पाण्यात मुरत ठेवू नका. मग चाळणीत निथळून सुती धोतरावर एकेक सुटं पसरा आणि वर पंखा लावा. पावसाळी हवेत दोन तासही लागतात. बोटाला ओल लागेनाशी झाली की झालं.

आता स्टीलच्या ताटात एकाच थरात, एकमेकांना न चिकटता मांडा. फ्रीजरचं बटण आदल्या दिवशीच सगळ्यात थंडवर फिरवून ठेवा. एका वेळी किलोभरच ठेवा, कारण जास्त माल घातला की गोठायला वेळ लागतो. जितकं सावकाश गोठेल तितके बर्फाचे कण मोठे होतात, फळाच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर हाताला चोथाच लागतो. रात्रभरात जांभळं गोट्यांसारखी टणक होतात, ताटात टाकली की खणखणतात. मग लगेच पाव-पाव किलोच्या जाड पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा.

गावठी जांभळात बीच मोठी, गर पातळ. त्याचा गरच काढावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बहाडोली’चं कलम लावलं असेल तर ती मोठी, मांसल फळं अख्खी ठेवा. गरासाठी जांभळं स्टीलच्या पातेल्यात हाताने कुस्करा, चाळणीवर घासून बिया वेगळ्या करा. गर मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा, त्याने रंग टिकतो. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, रंग आणि चव दोन्ही बिघडतात. गार झाल्यावर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. सरबताच्या एका पेल्याला तीन खडे पुरतात; वर सैंधव आणि जिरेपूड.

फ्रीजर उणे १८ अंशांवर टिकत असेल तर माल आठ-दहा महिने चांगला राहतो. एका दाराच्या फ्रीजमधल्या कप्प्यात इतकी थंडी सहसा मिळत नाही, तिथला माल दोन महिन्यांत संपवा. दिवाळीपर्यंत न्यायचा तर डबल डोअर हवा.

वीज गेली तर? फ्रीजर उघडू नका. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर थंडी जास्त वेळ टिकते. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजा आणि तो माल वापरू नका. तुमच्यादेखत जांभळं नुकती मऊ पडली, पण गारच असतील, तर लगेच शिजवून पाक करा.

खायला काढताना पूर्ण वितळू देऊ नका. अर्धवट गोठलेलं जांभूळ दाताखाली कुरकुरतं, तेच छान लागतं. सरबतासाठी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा.

हीच रीत तुतीला चालते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे आणि रेशमाच्या निमित्ताने आपल्याकडे तुती बांधावर, परसात आली आहे. पाल्यासाठी छाटलेल्या झाडाला फळं कमी. परसातलं एखादं झाड मात्र न छाटता वाढू द्या. तुती फार नाजूक, धुताना चोळू नका, देठही तोडू नका. देठासकट गोठवा आणि टणक झाल्यावर कात्रीने कापा, रस अजिबात सांडत नाही.