दुधाचा हिशेब

दावणीला दुभते जनावर असले म्हणजे घरात रोजचा पैसा येतो, असे आपण मानतो. पैसा येतो हे खरे. परंतु तो राहतो काय, हे पाहणे हा ह्या पाठाचा हेतू आहे.

१. खाण्याचा खर्च. दुभत्या संकरित गाईला शरीरपोषणासाठी रोज सुमारे १ किलो खुराक, व शिवाय दर अडीच लिटर दुधामागे १ किलो द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. समजा, गाय सरासरी १० लिटर दूध देते. तर खुराक ५ किलो लागेल. किलोस ३० रुपये धरल्यास १५० रुपये, व वैरणीचे ८०, मिळून २३० रुपये झाले. दुधास लिटरला ३० रुपये मिळाले, तर ३०० पैकी ७० उरतात.

२. भाकड दिवस. व्यालेली गाय सुमारे ३०० दिवस दूध देते व पुढे निदान ६० दिवस आटलेली असते. त्या काळी दूध नाही, पण पोट आहेच. वैरण व १ किलो खुराक ह्यांचे रोज ११० रुपये, म्हणजे ६० दिवसांचे ६,६०० झाले. ह्यास्तव दुभत्या दिवसांतच रोज २२ रुपये बाजूस काढले पाहिजेत. मग उरतात ४८. त्यांतच औषध, कर्जाचा हप्ता व घरच्यांची मजुरी.

३. भावाची उतरण. भाव लिटरमागे ३ रुपयांनी उतरला, तर दहावा हिस्साच गेला असे ऐकणाऱ्यास वाटते. परंतु खर्च तोच राहतो, आणि ४८ रुपयांचे १८ होतात. सन २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडून भाव कोसळला, तेव्हा महाराष्ट्रातील दूध उत्पादक रस्त्यावर का आले, हे ह्यावरून कळेल.

४. एकीचे बळ. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात दूध घेणारा मुख्यतः एकच होता, म्हणून भावही तोच ठरवी. सन १९४६ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी त्यास दूध घालणे बंद केले, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरास त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. आरंभी गावच्या सोसायट्या थोड्या व दूधही थोडे होते. पण माप, तपासणी व विक्री शेतकऱ्यांच्या हाती आली. त्यातूनच पुढे 'अमूल' उभे राहिले.

५. आपले कर्तव्य. गाईच्या दुधाचा भाव बहुधा ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याहून उणे भरल्यास पैसे कापले जातात. दुधावर साय लवकर चढते, म्हणून नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळले जाते की नाही, हे पाहावे. प्रत्येक वेळी पावती मागावी व ती जपून ठेवावी. ज्यास लिहिता येत नाही, त्याची वही शेजाऱ्याने लिहावी.

विचारासाठी प्रश्न : (१) आपल्या गाईच्या खाण्याचा रोजचा खर्च किती? (२) भाकड दिवसांसाठी आपण काय राखून ठेविले आहे? (३) गावातील दूध घालणारे एकत्र बसून पावत्या ताडून पाहतात काय?

ज्याने हा हिशेब एकदा मांडला, तो दुसरी गाय कर्जाने घेण्यापूर्वी पहिलीची वही उघडून पाहील.