नस किती दबली, किती सावरली

कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याचे रुग्ण तपासण्यात माझी फिजिओथेरपीतली बरीच वर्षं गेली. बहुतेक जण एमआरआयची पिशवी घेऊनच येतात आणि विचारतात, ‘नस किती दबलीय?’ पुढचे मुद्दे त्या प्रश्नापायी जमत गेले.

१. फिल्मच्या आधी पाय बघावा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठीची काहीच तक्रार नसलेल्या विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली. ऐंशीच्या लोकांत ८४ टक्के. फिल्मवरची गादी आणि पायातली लक्षणं एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच त्या फिल्मला अर्थ.

२. मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या प्रत्येक मुळाचा आपला इलाखा असतो. एल-५ हे मूळ दबलं की अंगठा वर उचलायची ताकद कमी होते, पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. एस-१ दबलं की चवड्यावर उठणं जड जातं, पावलाची बाहेरची कड बधिर होते, घोट्यामागे हातोडी मारून येणारा झटका मंदावतो. एल-४ची खूण गुडघ्याच्या झटक्यात मिळते. चालताना चप्पल निसटते, जिन्यात बोटं पायरीला अडकतात, असं कोणी म्हणालं की मी आधी अंगठा तपासते.

३. ताकद ० ते ५ अशी मोजतात. ३ म्हणजे पाय स्वतःच्या वजनानिशी उचलता येतो, पण हातानं दाबला तर टिकत नाही. पोटरी मात्र इतकी दांडगी की तिची कमजोरी तपासणाऱ्याच्या हाताला कळतच नाही. तिथे भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर पुन्हा पुन्हा उठायला लावावं, आणि किती वेळा जमलं ते दोन्ही पायांचं तारखेसह लिहावं. चांगला पाय हीच फूटपट्टी. मधुमेह जुना असेल तर दोन्ही पावलं बधिर असू शकतात, मग ही फूटपट्टी जपून वापरावी.

४. दुखणं आणि नसेची इजा वेगवेगळी मोजावी. पोटरीतली कळ वर सरकून कंबरेत गोळा झाली की रुग्ण घाबरतात. खरं तर बहुधा ते सुधारणेचं लक्षण असतं. उलट कळ एकाएकी थांबली आणि पाऊल लुळं पडत चाललं, तर घरचे हुश्श करतात. तेव्हाच सर्जनला गाठायला हवं.

५. ईएमजीची, म्हणजे स्नायूत सुई घालून होणाऱ्या तपासणीची, घाई करू नये. पायाच्या स्नायूंतले बदल सुईला दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. एनसीव्हीत, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणाऱ्या तपासणीत, स्पर्शाच्या नसा तर बहुतेकदा चांगल्याच दिसतात, कारण दाब त्यांच्या पेशींच्या गाठीच्या अलीकडे, मणक्याच्या बाजूला असतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हिला झालंय काय?’ हे वाक्य मी अनेक सुनांच्या बाबतीत ऐकलंय आणि दर वेळी जीव तुटलाय. नॉर्मल एनसीव्ही म्हणजे दुखणं खोटं, असं कधीच होत नाही.

६. सावरण्याचा क्रम बहुधा असा: आधी कळ, मग ताकद, शेवटी बधिरपणा. घोट्याचा झटका कित्येकांत परतही येत नाही. चालणं सुधारलं असेल तर त्यासाठी झुरू नये. नसेवरचं आवरणच दबलं असेल तर काही आठवड्यांत फरक पडतो. आतला तंतू तुटला तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, आणि कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोठं. म्हणून रोज ताकद तपासत बसू नये. दोन-तीन आठवड्यांनी, त्याच पद्धतीनं, शक्यतो त्याच माणसानं तपासावी. रोजच्या हालचालींतला त्रास मोजणारी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली बसणं, उभं राहणं, चालणं, झोप यांवरून ० ते १०० गुण देते. आकडा उतरला की त्रास कमी झाला. मी सोबत एसटीचा प्रवास, मांडी घालणं, उकिडवं बसणंही विचारते.

७. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पाय लटके पडू लागले, तर मोजमाप, व्यायाम, मालिश सगळं बाजूला ठेवा. मध्यरात्र असली तरी सकाळची वाट न पाहता मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जा. तिथे काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडू शकतो.