यकृत बदलल्यानंतरचे हृदय

यकृतरोपण झाले की घरची मंडळी सुटकेचा श्वास टाकतात. परंतु त्यानंतर हृदयाला जपावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून सभासद व विद्यार्थ्यांसाठी ही माहिती आम्ही थोडक्यात देत आहोत.

डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे माणसावर पहिले यकृतरोपण केले. भारतात अवयवरोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९८ मध्ये पहिले यशस्वी यकृतरोपण झाले.

आजारातील हृदय : विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा यकृतातून जातो. सिरोसिसमध्ये यकृत कठीण होते व शरीरातील रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाब कमी राहतो, हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते. सैल वाहिन्यांमुळे हृदयाचा अशक्तपणा झाकला जातो. ताण पडला की तो उघड होतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी ईसीजी, इकोकार्डिओग्राफी अशा तपासण्या करतात.

शस्त्रक्रियेनंतर : नव्या यकृतात रक्त सोडताच तेथून थंड, पोटॅशियमयुक्त रक्त हृदयाकडे येते व रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. पुढे रक्तवाहिन्या पूर्ववत आवळल्या जातात आणि हृदयावरचा भार वाढतो. काहींना धाप लागते, फुप्फुसात पाणी साठते. मात्र हा काळ निभावला की बऱ्याच रुग्णांचे हृदय काही महिन्यांत सुधारते.

पुढील वर्षे : शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही औषधे घ्यावी लागतात. त्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावरही परिणाम होतो. स्टेरॉइडमुळे साखर, चरबी व वजन वाढते. भूक परत आल्याने खाणेही वाढते. यामुळेच काही वर्षांनंतर होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत हृदयविकार मोडतो.

मग औषधे बंद करावीत काय? मुळीच नाही. बंद केली तर यकृतच गमावण्याची पाळी येते. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल नियमित तपासावे. मीठ, तळलेले पदार्थ कमी करावेत, रोज चालावे, तंबाखू व दारू वर्ज्य करावी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळी घेऊ नये. पपनस खाऊ नये. त्यामुळे या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. छातीत दुखले, धाप लागली किंवा पाय सुजले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मिळालेले यकृत हे कोणीतरी दिलेले दान आहे. हृदय सांभाळले तरच ते दान सार्थकी लागेल, एवढे आपण ध्यानी ठेवू या.