ताउलचे चर्च : भिंत आणि चित्र

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या बोई खोऱ्यात, ताउल हे खेडे आहे. तेथील सांत क्लिमेंत हे चर्च रोमनेस्क शैलीचा उत्तम नमुना होय. त्याचा प्रतिष्ठापना-विधी १० डिसेंबर ११२३ रोजी झाला.

बांधणी साधी आहे. जाड दगडी भिंती, गोल खांबांच्या रांगांनी पडलेले तीन भाग, वर लाकडी छप्पर, पूर्वेस तीन अर्धवर्तुळाकार गाभारे आणि बाजूस सहा मजली चौकोनी मनोरा. मधल्या गाभाऱ्याच्या अंतर्गोल छतावर तेजोवलयातील ख्रिस्ताचे भव्य चित्र होते. आत शिरणाऱ्याची दृष्टी थेट तेथेच जाई.

१९१९ मध्ये मूर येथील चर्चची भित्तिचित्रे विकली गेली व पुढे अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात पोहोचली. त्यामुळे सावध झालेल्या बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९२३ पर्यंत बोई खोऱ्यातील चित्रे उतरवून शहरात नेली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे आणि वाळल्यावर रंगाच्या थरासह सोलून काढायचे, अशी ही रीत होती.

चित्र वाचले, परंतु भिंतीला पारखे झाले. संग्रहालयाला त्यासाठी तसाच वक्र गाभारा उभारावा लागला. इकडे चर्चमध्ये २०१३ पासून प्रकाशझोताने चित्राची प्रतिमा मूळ जागी उमटवतात. वास्तू आणि चित्र ही एकच निर्मिती होती, हे या दोन्ही खटाटोपांवरून स्पष्ट होते.