दुबईचा कापडबाजार : कहवाही हवा, कागदही हवा

रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या मोहल्ल्यातून कोणीच आखातात गेलेले नाही, असे मोहल्ले थोडेच. मात्र नोकरीसाठी जाणारे पुष्कळ आणि तिजारतीच्या नजरेने तो मुलुख पाहणारे कमी. ज्या व्यापारी बांधवांना संयुक्त अरब अमिरातीत माल पाठवायचा आहे, त्यांच्यासाठी आम्ही चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

हा संबंध आजचा नव्हे. आपल्या दाभोळ बंदराचा बहमनी काळात होर्मुझशी व्यापार होता आणि अरबी घोडे तेथे उतरत. पंधराव्या शतकात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन परतताना दाभोळलाच जहाजात बसला. पुढे आखातात आपला रुपया चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये त्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्या अमिरातींतून गेल्या. १९७१ मध्ये अमिरातींचा संघ झाला आणि १९७३ मध्ये दिरहम आला.

दुबईत उतरणारा माणूस आधी ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा पाहतो. आमचा सल्ला असा की व्यापाऱ्याने आधी खाडीवर जावे. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मधून 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या माणसे पार करतात. जवळच इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांची जुनी घरे आहेत. त्यांच्यावरचे बारजील म्हणजे वारा खाली खेचून घर थंड ठेवणारे मनोरे. बर दुबईच्या कापडबाजारात सिंधी आणि गुजराती पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या आहेत.

गिऱ्हाईक ओळखा

शहर कितीही नवे झाले तरी पोशाख जुनाच आहे. अमिराती पुरुषाच्या पांढऱ्या कंदुऱ्याला कॉलर नसते, गळ्याशी गोंडा लोंबतो. सौदी थोबला मात्र बहुधा कॉलर असते. त्या पांढऱ्या कापडाची परीक्षा कडक असते. ते आरपार दिसू नये, चुरगळू नये आणि अनेक धुण्यांनंतरही पिवळे पडू नये. या कसोटीवर जपानी गिरण्यांनी तेथे नाव कमावले. अबायाच्या कापडात काळ्या रंगाची खोली पाहतात. तेथेही जपान आणि कोरियाचा माल पुढे आहे. म्हणून आपल्याकडचे शर्टिंगचे तागे कंदुऱ्यासाठी घेऊन जाण्यात अर्थ नाही. परंतु तेथील दहांपैकी सुमारे नऊ रहिवासी परदेशी आहेत आणि त्यांत भारतीय सर्वांत जास्त. ड्रेस मटेरियल, सुती कापड आणि भरतकाम यांचे गिऱ्हाईक तेथे आहे. नमुना स्वतः धुऊन पाहावा, मगच न्यावा.

बैठकीची रीत

भाव पहिल्याच वाक्यात काढू नये. सलाम, खुशाली, मग कहवा आणि खजूर. फिंजान उजव्या हाताने घ्यावे. त्यात थोडाच कहवा ओततात, तो कंजूषपणा नव्हे, ती तेथील तहजीब आहे. पुरे झाले की फिंजान हलकेच हलवून परत द्यावे. अशा बैठकीत घाई करणाऱ्याला अरब व्यापारी हलका समजतो.

कागदाची रीत

परंतु कहवा म्हणजे करार नव्हे. कापडाची लांबी, पन्हा, वजन, शेड नंबर, दर आणि पैशाची तारीख हे सर्व ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे. दर वाराचा की मीटरचा, हेही स्पष्ट हवे. १,००० मीटर म्हणजे सुमारे १,०९३ वार. आपण १५० रुपये वाराचा दर मनात धरला आणि कागदावर मीटर पडले, तर सुमारे १४,००० रुपये गेले.

भारत-अमिराती करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याने आपल्या बहुतेक कापडावरील पाच टक्के आयात जकात माफ झाली, पण सोबत मूळ देशाचा दाखला हवा. दाखला नसेल तर दहा लाखांच्या मालावर खरेदीदार पन्नास हजार भरतो आणि आपल्याच भावातून ते कापतो.

तेथे पुढील तारखेचे चेक देण्याची चाल आहे. जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नसल्याने परतलेला चेक सहसा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. वसुली दिवाणी मार्गाने करावी लागते. रत्नागिरीत बसून ती करणे किती जड, हे सांगायला नको. म्हणून पहिले काही व्यवहार आगाऊ पैशावर किंवा बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर करावेत. उधारी द्यायचीच तर १९५७ पासून चालू असलेल्या सरकारी ईसीजीसीचा विमा आधी घ्यावा.

शिंपीकाम आणि भरतकाम करणाऱ्या कारागीर बांधवांनीही हेच ध्यानात ठेवावे. ओळखीच्या माणसाचा शब्द पुरत नाही. भेटीच्या व्हिसावर काम करणे तेथे बेकायदा आहे. एजंट भारत सरकारकडे नोंदलेला आहे का ते तपासावे आणि नोकरीचा करार निघण्यापूर्वी हातात घ्यावा.

काही बांधवांना वाटते की कागद मागितला तर समोरचा नाराज होईल. त्यांनी दुबईहून दीड तासाच्या अंतरावरील अल ऐनला जावे. वाळवंटातून रस्ता जातो आणि अचानक खजुरीच्या बागा लागतात. 'फलज' नावाच्या जुन्या पाटांनी तेथे पाणी येते. प्रत्येक बागेची पाळी वेळेने मोजलेली असते आणि तिचा हिशेब ठेवणारा माणूस नेमलेला असतो. पाण्यावरून शेजाऱ्यांत तंटा होऊ नये म्हणून ही व्यवस्था. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतही आहे, हे आपण सर्वच जाणतो. तेव्हा कागद मागताना संकोच करू नये. लिहिलेला हिशेब दोघांनाही सांभाळतो आणि पुढच्या ऑर्डरची वाट मोकळी ठेवतो.