शेवटचा दिवस कोरडा का?

दिवाळीच्या सुटीआधी नववीतील दोन मुली एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. दोघींच्या घरची मंडळी मिळून मालवणला जाणार होती आणि सहलीचे वेळापत्रक मुलींनीच आखले होते. पहिली रात्र प्रवासात. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी. दुपारी दोनला निघायचे, पाचला आंबोलीला सूर्यास्त पाहायचा आणि रातोरात छत्रपती संभाजीनगर गाठायचे. "सर, एकही तास फुकट घालवलेला नाही," एकीने अभिमानाने सांगितले.

कागद खरोखर नेटका होता. चूक होती ती नेमकी त्या वाक्यात.

टाकीत निव्वळ प्राणवायू असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तीत आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते आणि तिचा सुमारे 78 टक्के भाग नायट्रोजन असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1 वातावरण धरला, तर समुद्राच्या पाण्यात दर 10 मीटर खोलीला आणखी 1 वातावरण दाब वाढतो. 10 मीटरवर पाणबुड्याला 2 वातावरण दाबाची हवा श्वासातून घ्यावी लागते. नाहीतर त्याची छाती फुगणारच नाही. विल्यम हेन्री याने 1803 मध्ये मांडलेला नियम तुम्हांला ठाऊक असेल: द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाबरोबर वाढते. प्राणवायू शरीर वापरून टाकते. नायट्रोजनचा मात्र शरीराला काही उपयोग नसतो. तो रक्तातून स्नायूंत, चरबीत, सांध्यांत जाऊन विरघळून बसतो.

वर येताना दाब कमी होतो आणि हा पाहुणा परत निघतो. तो हळूहळू फुप्फुसांतून बाहेर पडला तर कळतही नाही. दाब एकदम उतरला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर जे होते तेच होते: बुडबुडे. ते सांध्यांत अडकले तर असह्य वेदना होतात आणि मज्जारज्जूत झाले तर अंग लुळे पडू शकते. यावर उपचार म्हणजे प्राणवायू देणे आणि रोग्याला दाबकक्षात ठेवून पुन्हा दाब वाढवणे. असे कक्ष गावोगावी नसतात, घाटात तर नसतातच.

नायट्रोजन बाहेर पडायला किती वेळ लागतो? जॉन स्कॉट हॉल्डेन याने ब्रिटिश नौदलासाठी बोकडांवर प्रयोग केले आणि 1908 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने भरत नाहीत आणि रिकामेही होत नाहीत, ही त्याची मुख्य कल्पना. काही भाग पाच मिनिटांत निम्मे भरतात, काहींना तास-दीड तास लागतो. किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखाच हा हिशेब आहे. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान याने 16 भागांची गणना केली. तीत सर्वांत मंद भागाचा अर्धकाल 635 मिनिटे, म्हणजे साडेदहा तासांहून थोडा अधिक आहे.

आता एक गणित करू. सोपे जावे म्हणून मंद भागाचा अर्धकाल 12 तास धरू. समजा, एका दिवसाच्या बुड्यांनी त्यात जादा नायट्रोजनचे 16 भाग जमा झाले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांतले 4 शिल्लक असतील. त्यांत नवे 16 मिळून झाले 20. तिसऱ्या दिवशी 5 शिल्लक आणि नवे 16, एकूण 21. हे वाण्याच्या उधारीच्या वहीसारखे आहे. मागची बाकी फिटण्याआधी नवी उधारी चढते. एकाच दिवशी बुडी मारणाऱ्याकडे 12 तासांनी 8 भाग उरतात; तीन दिवस बुड्या मारणाऱ्याकडे तेवढ्याच वेळाने साडेदहा उरतात. त्याला 8 च्या खाली यायला सुमारे 17 तास लागतात.

2002 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून बुडीनंतरच्या विमानप्रवासाचे नियम सुचवले. वर येताना वाटेत थांबे घ्यावे लागणार नाहीत अशी एकच बुडी असेल, तर निदान 12 तास थांबावे. एका दिवसात अनेक किंवा अनेक दिवस बुड्या असतील, तर निदान 18 तास. आपल्या गणिताशी हे आकडे छान जुळतात. पण त्यावर फार भाळू नका. आपले 16 भाग मनाने घेतलेले होते, नियम मात्र माणसांवरच्या प्रत्यक्ष चाचण्यांचे निष्कर्ष पाहून ठरले.

"पण सर, आम्ही विमानाने कुठे जाणार आहोत?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. शरीराला विमान कळत नाही, दाब कळतो. प्रवासी विमानाच्या आतील दाब फार तर 2400 मीटर उंचीइतका, म्हणजे सुमारे 0.75 वातावरणापर्यंत उतरू देतात. ते नियम 610 मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहेत. आता नकाशा काढा. मालवण समुद्रकाठी. आंबोली सुमारे 690 मीटर, तेथे दाब 0.92 वातावरण. पुढे अहिल्यानगर सुमारे 650 मीटर. आपले शहर 568 मीटर, म्हणजे रेषेच्या जरा खाली, पण वाट रेषेवरून जाते! मालवणहून निघालेली मोटार तीन तासांत आंबोलीला पोचते. विमानाच्या मानाने ही घट लहान आहे आणि मालवणला नवख्यांना शिक्षकाचा हात धरून नेतात ती बुडीही उथळ आणि थोडक्या वेळाची असते. धोका मोठा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तीन तासांत घाट चढायचा, तर त्यासाठी थांबणे हाच एक उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मुलींनी तेथेच बसून किल्ला आणि बुडी यांची अदलाबदल केली. मी म्हटले, रात्रभर गाडीत जागून आलेल्याने सकाळी पाण्यात उतरू नये. शिवाय सर्दी असेल तर कानाच्या पडद्यामागचा दाब सारखा करता येत नाही आणि समुद्र खवळला तर त्या दिवशी बुडी होतच नाही. म्हणून दुसरा दिवस विश्रांतीचा. तिसऱ्या दिवशी सकाळी बुडी, जमले नाही तर चौथ्या दिवशी. बुडीनंतरचा दिवस कोरडा, तेव्हा किल्ला आणि त्यातल्या गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहायच्या. मग घाट. सहल एका मुक्कामाने वाढली, समुद्र रुसला तर दोन. खर्चही वाढणार होता आणि तो घरी पटवून देण्याचे काम मी त्यांच्यावरच सोपवले.

एकीची मावशी पाणबुड्याचा प्राथमिक अभ्यासक्रम करणार होती. त्यात 18 मीटरपर्यंतच्या चार बुड्या असतात आणि तीन-चार दिवस जातात. ती गोव्याच्या मोपा विमानतळावरून परतणार होती. तिच्यासाठी 18 तासांचा नियम अगदी अक्षरशः लागू. बेत जून ते सप्टेंबरचा असता तर प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, पाणी गढूळ आणि बुड्या बंद.

आता तुमच्यासाठी दोन उदाहरणे. मावशीची शेवटची बुडी शुक्रवारी दुपारी तीनला संपली, तर तिने विमान केव्हाचे धरावे? आणि दुसरे, जरा कठीण: पैठणच्या नाथसागराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर आहे. तेथे 10 मीटर खोल गेलेल्या माणसावरचा दाब, पाण्याबाहेरच्या दाबाच्या किती पट होईल? मालवणला तो दुप्पट होता. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, हे विसरू नका.