घेवड्याची बरणी आणि लसणीचे तेल



सप्टेंबर आला की इथे न्यू जर्सीत ज्यांच्या परसात चार वाफे आहेत, त्यांची एकच तक्रार असते: खाणारी माणसे दोन आणि घेवडा टोपलीभर! टाकवत नाही. आपण रेशनच्या रांगेत उभे राहिलेले लोक, अन्न टाकणे आपल्या हाताला जमतच नाही. मग फोन सुरू होतात. तू काय केलेस, मी काय केले.

असाच गेल्या वर्षी माझ्या वहिनींचा फोन आला. वय ८२, घरी एकट्या. मोठ्या खुशीत म्हणाल्या, "अगं, घेवडा कुकरमध्ये शिजवला, गरम गरमच जॅमच्या बरण्यांत भरला. झाकणे कशी टक् करून घट्ट बसली! सहा बरण्या झाल्या. आता हिवाळाभर काळजी नाही." मी विचारले, "फ्रिजमध्ये ठेवल्यात ना?" तर म्हणाल्या, "फ्रिज कशाला? कपाटात आहेत." मी म्हटले, "वहिनी, तुमच्या पाया पडते, त्यातली एकही उघडू नका."

त्यांना राग आला. सहा बरण्यांची मेहनत होती. म्हणून त्यांना जे सांगितले तेच इथे लिहिते.

२०१५ च्या एप्रिल महिन्यात ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावी एका चर्चमध्ये सामुदायिक जेवण झाले. घरोघरच्या बायकांनी पदार्थ करून आणले होते. त्यातल्या एका बटाट्याच्या सॅलडमध्ये घरी बरणीबंद केलेले बटाटे होते. ते बटाटे नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून बंद केले होते. त्या जेवणातून २९ जण आजारी पडले, ११ जणांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले, एक बाई दगावली. आजाराचे नाव बॉट्युलिझम.

याचा जंतू मातीत राहतो. घेवडा, बटाटा, बीट, लसूण, मातीजवळचे सगळे आले. त्याचे बीज इतके चिवट की २१२ अंशाला उकळणाऱ्या पाण्यातही मरत नाही, २४० अंशाच्या वर उष्णता लागते. उघड्या हवेत ते गप्प पडून असते. पण हवा नाही, आंबटपणा नाही, आणि जागा उबदार, असे तिन्ही जुळले की ते जागे होऊन विष तयार करते. वहिनींचे झाकण टक् करून बसले, म्हणजे आतली हवा गेली. त्या ज्याला चांगले लक्षण समजत होत्या, तेच त्या जंतूला हवे होते.

आणि वास? आपण सगळ्या वास घेऊन ठरवतो. या विषाला वासही नसतो, रंगही नसतो. शिवाय आपल्या वयात नाक पूर्वीसारखे राहत नाही, हे मान्य करायला हवे.

"पण मी कुकर वापरला," असे वहिनी म्हणाल्या. आपला शिट्टीचा कुकर वरणभातासाठी उत्तम. बरण्यांसाठी इथे वेगळे मोठे भांडे मिळते, प्रेशर कॅनर. भरलेल्या बरण्या त्याच्या आत ठेवून ठरावीक वेळ तापवतात. त्याची कोष्टके मोठ्या भांड्याच्या हिशेबाने केलेली असतात. आपला कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, तो हिशेब त्याला लागू पडत नाही. विजेच्या मल्टिकुकरचेही तेच.

दुसरी गोष्ट लसणीची. सोललेली लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची, ही युक्ती मीही अनेक वर्षे केली. नर्स असून! आपले पूर्वज कोकणात घाणा चालवणारे शनवार तेली, तेल घातले की पदार्थ टिकतो हे आपल्या रक्तातच. पण तेल हवा अडवते, जंतू मारत नाही. १९८९ साली न्यू यॉर्क राज्यातल्या किंग्स्टन इथे तेलातल्या चिरलेल्या लसणीमुळे तिघांना हाच आजार झाला. तेव्हापासून दुकानातल्या अशा बरणीत आम्ल घालावे लागते. झाकणामागचे बारीक अक्षर वाचा, सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल लिहिलेले दिसेल. घरच्या लसणीत ते नसते. ती फ्रिजमध्येच ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी.

मग टोपलीभर घेवड्याचे करायचे काय? सरळ गोठवा. निवडून, मोडून तीन मिनिटे उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून पिशवीत, वर तारीख. आले-लसूण वाटून बर्फाच्या साच्यात गोठवा, एकेक वडी फोडणीला पुरते. टोमॅटो कमी-जास्त आंबट असतो, म्हणून बरणीत भरणाऱ्यांनी दर पाइंटला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालावा. ताज्या लिंबाचा आंबटपणा सारखा नसतो. मग बरण्या कोष्टकात दिलेल्या वेळेपर्यंत उकळाव्या. ही कोष्टके राज्याच्या विद्यापीठाचे एक्स्टेंशन ऑफिस देते, आपल्याकडे रटगर्सचे आहे. कैरीचे आणि लिंबाचे लोणचे मुळातच आंबट आणि खारट, त्याची भीती नको.

लक्षणे पाठ करा. पापण्या जड होऊन खाली येतात, एकाचे दोन दिसतात, तोंड कोरडे पडते, जीभ अडखळते, घास गिळवत नाही, मग हातपाय गळतात. बहुधा १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनीही. ताप नसतो, माणूस शुद्धीवर असतो. म्हाताऱ्या माणसाला असे झाले की घरचे अर्धांगवायू समजतात. काहीही असो, ९११ ला फोन करा, आणि घरी भरलेल्या बरणीतले खाल्ले असेल तर ते न विचारता सांगा. यावर प्रतिविष आहे, पण ते पुढची इजा थांबवते, झालेली परत फिरवत नाही. म्हणून "सकाळी बघू" म्हणू नका.

वहिनींच्या बरण्या माझ्या भाच्याने न उघडता दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाकल्या. मोरीत ओतायच्या नाहीत, चाखून तर मुळीच पाहायच्या नाहीत. वहिनी दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. या वर्षी फोन आला तो फ्रीजरमध्ये जागा उरली नाही म्हणून.